विश्लेषण : चौरंगी सामन्यांचा पहिला मोठा गोलंदाज कधीच कर्णधार का झाला नाही? पालवणकर बाळू यांची कहाणी

मध्य रेल्वेवर भायखळा आणि परळ या स्थानकांच्या मध्ये दोनच स्थानके लागतात, चिंचपोकळी आणि करी रोड. १९३७ च्या सुरुवातीला मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा ‘भायखळा आणि परळ’ या नावाचा एक मतदारसंघ होता. तिथल्या राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध उमेदवारी दिली ती साठीच्या घरातल्या एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला. त्यांचे नाव पालवणकर बाळू.

बाळू यांना किती मते पडली, ते पुढे पाहू. पण भारतीय क्रिकेटचा पहिला मोठा गोलंदाज गिरणगावच्या मतपत्रिकेपर्यंत कसा पोहोचला, हे समजण्यासाठी आधी मुंबईतल्या एका हौशी क्रिकेट स्पर्धेचा इतिहास पाहावा लागतो. तिरंगी, चौरंगी आणि पंचरंगी अशी तिची नावे बदलत गेली.

कोण होते पालवणकर बाळू?

बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म १८७० च्या दशकाच्या मध्यावर धारवाडमध्ये झाला. कुटुंब मूळचे कोकणातले आणि चर्मकार समाजातले. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या या समाजातील मुलासाठी शाळा, विहीर, देऊळ अशा बहुतेक ठिकाणी वेगळे नियम होते. वडिलांची नोकरी लष्कराशी संबंधित होती. त्यामुळे बाळू यांचे बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेले.

लष्करी वस्तीत क्रिकेट होते. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही क्रिकेटपटू झाले. चारही भाऊ हिंदू संघाकडून खेळले.

महिना चार रुपये पगाराची नोकरी

घरची परिस्थिती बेताची असल्याने बाळू यांचे शिक्षण लवकर सुटले. पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात लागली. मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवणे हे काम, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये लागले आणि पगार चार रुपये झाला. इथे रोलर फिरवायचा, चुन्याने रेषा आखायच्या, सरावाची जाळी बांधायची, टेनिस कोर्टाची निगाही ठेवायची.

क्लबच्या सभासदांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकायला हवा असे. हा मुलगा डाव्या हाताने चेंडू चांगला वळवतो, हे एका सभासदाच्या लक्षात आले आणि बाळू जाळीत गोलंदाजी करू लागले. जे. जी. ग्रेग हा त्या काळातला भारतातला सर्वांत नावाजलेला इंग्रज फलंदाज. तो रोज लवकर येऊन बाळू यांच्या गोलंदाजीवर सराव करायचा. बाद केल्यावर तो प्रत्येक वेळी आठ आणे द्यायचा, असे सांगितले जाते. तसे असेल तर ग्रेगला आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार वसूल होत होता.

बॅट मात्र बाळू यांच्या हाती दिली जात नसे. जाळीत फलंदाजी साहेबांनी करायची आणि चेंडू नोकराने टाकायचा, अशी विभागणी होती. रोज तासन्‌तास गोलंदाजी केल्यामुळे टप्पा, दिशा आणि वेग या तिन्हींवर बाळू यांचा ताबा बसला.

हौशी खेळाडू कोणाला म्हणायचे?

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश खेळांमध्ये हौशी आणि व्यावसायिक असे दोन वर्ग होते. पैशासाठी न खेळणारा तो हौशी आणि खेळासाठी पगार घेणारा तो व्यावसायिक. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये ‘जंटलमेन’ आणि ‘प्लेयर्स’ असे दोन संघ एकमेकांविरुद्ध खेळत. अनेक मैदानांवर दोघांच्या ड्रेसिंग रूमही वेगळ्या असत. ही विभागणी १९६२ पर्यंत टिकली.

गोल्फमध्येही हेच होते. ब्रिटनमध्ये १८६० साली सुरू झालेल्या ‘ओपन’मध्ये व्यावसायिक खेळत, तर हौशींसाठी १८८५ पासून वेगळी अमॅच्युअर स्पर्धा सुरू झाली. क्लबहाऊसची दारे बराच काळ व्यावसायिक गोल्फरांना बंद होती. भारतात कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, तर मुंबईचा १८४२ चा. कलकत्त्यात हौशी गोल्फची राष्ट्रीय स्पर्धा १८९२ मध्ये सुरू झाली.

वरवर पाहता ही विभागणी पैशाची होती. प्रत्यक्षात कोण कोणाबरोबर चहा घेईल, हेही तिच्यातूनच ठरत असे. भारतात त्यावर जातीचा थर चढला. इंग्लंडच्या हिशोबाने बाळू व्यावसायिक ठरले असते. पुण्यात मात्र ते किती पैसे घेतात, याच्याशी कोणाला देणेघेणे नव्हते. ते कोणत्या जातीत जन्मले, एवढाच प्रश्न होता.

पुण्याच्या हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज त्याच युरोपियनांच्या क्लबात रोलर फिरवत होता. काहींनी विरोध केला, काहींनी आग्रह धरला. अखेर बाळू यांना संघात घेतले गेले, पण अटींसह. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी इतरांना पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा मिळे. बाळू यांना तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला जाई. जेवणाचे पानही वेगळे मांडले जात होते.

स्पर्धा कशी सुरू झाली?

मुंबईत क्रिकेट आधी पारशी समाजाने उचलले. १८९० मध्ये इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन यांच्या संघाला पारशांनी हरवले. त्यानंतर युरोपियन विरुद्ध पारशी असे दरवर्षीचे प्रेसिडेन्सी सामने १८९२ पासून सुरू झाले. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस होते. ते स्वतः इंग्लंडचे माजी कर्णधार.

पुढची वाढ अशी झाली :

• १८९२ : प्रेसिडेन्सी सामने – युरोपियन आणि पारशी
• १९०७ : तिरंगी – हिंदू संघ सामील
• १९१२ : चौरंगी – मुस्लिम संघ सामील
• १९३७ : पंचरंगी – ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू आदींचा ‘इतर’ संघ सामील
• १९४५-४६ : शेवटचा मोसम

फॉरमॅट काय होता?

चौरंगीत चार संघ असत. दोन उपांत्य सामने आणि एक अंतिम सामना, म्हणजे थेट बाद फेरी. साखळी नाही, गुणतक्ता नाही. एक सामना हरला की तो संघ वर्षभरासाठी बाहेर. सामने अनेक दिवसांचे आणि प्रत्येक संघाला दोन डाव, त्यामुळे त्यांची गणना प्रथम श्रेणीत होते. अंतिम सामना अनिर्णित राहिला तर विजेतेपद विभागून दिले जाई.

संघ शहरांचे किंवा प्रांतांचे नव्हते, धर्मांचे होते. प्रत्येक समाजाचा जिमखाना आपला संघ निवडत असे. पारशी जिमखाना १८८५ चा, इस्लाम जिमखाना १८९२ चा, हिंदू जिमखाना १८९४ चा. आजच्या मरीन ड्राइव्हवर हे तिन्ही जिमखाने एका ओळीत दिसतात. युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना १८७५ पासून आझाद मैदानाच्या कडेला होता आणि तिथे भारतीयांना सभासदत्व नव्हते.

आयपीएलसारखे लिलाव किंवा सामन्यागणिक करार त्या वेळी नव्हते. भारतीय खेळाडू नोकरी, शिक्षण किंवा धंदा सांभाळून खेळत. तरीही भारतातले त्या काळचे सर्वांत प्रतिष्ठेचे क्रिकेट हेच होते. अंतिम सामन्याला मैदानाभोवती हजारोंची गर्दी होई.

१९०६ : बॉम्बे जिमखान्यावर काय घडले?

१८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाळू पुण्याहून मुंबईला आले. शहरात प्लेगची साथ सुरू झाली होती. आधी लष्करात आणि नंतर रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली. हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशावरून वाद झाला. काही सभासदांचा विरोध होता, पण संघाच्या धुरिणांनी आग्रह धरला आणि बाळू संघात आले. रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळत.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन संघ बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर समोरासमोर आले. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत संपले. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. बाळू यांची फिरकी या विजयाच्या केंद्रस्थानी होती. शिवरामही याच संघात होते.

बंगालच्या फाळणीला तेव्हा काही महिनेच झाले होते आणि स्वदेशी चळवळ पेटली होती. त्या वातावरणात राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरवल्याची बातमी देशभर गेली. सुधारकी वृत्तपत्रांनी आणखी एका गोष्टीची दखल घेतली. पुण्यात बाहेर बसून मातीच्या भांड्यातून चहा घेणारा खेळाडू मुंबईत संघातील इतरांसोबत एका मेजावर जेवत होता. वर्षभराने, १९०७ मध्ये, हिंदू संघाने युरोपियनांना पुन्हा हरवले.

१९११ : इंग्लंड दौऱ्यात बाळू यांनी काय केले?

१९११ मध्ये पटियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. दौऱ्यात संघाने २३ सामने खेळले आणि त्यांपैकी केवळ सहा जिंकले. बाळू मात्र चमकले. सर्व सामने मिळून त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४ धावांची. केम्ब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी, ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोत्तम कामगिरी. खांदा दुखावलेला असतानाही ते या दौऱ्यात खेळत राहिले.

मुंबईत परतल्यावर अस्पृश्य समाजाच्या वतीने त्यांचा सत्कार झाला. त्या वेळचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने लिहिले होते. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. तेव्हा बाळू हे या समाजातील देशभर ठाऊक असलेले पहिले नाव होते आणि आंबेडकरांच्या पिढीला त्यांचा अभिमान वाटत होता.

कर्णधारपद का मिळाले नाही?

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळू यांनी १७९ बळी घेतले. प्रत्येक बळीमागे सरासरी १५.२१ धावा. एका डावात पाच किंवा अधिक बळी घेण्याची कामगिरी त्यांनी १७ वेळा केली. संघात त्यांच्याइतका अनुभवी खेळाडू क्वचितच असे. तरीही कर्णधारपद दरवेळी वरच्या जातीतल्या कोणाकडे तरी जात राहिले. दीर्घकाळ कर्णधार असलेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच, हा मान ज्येष्ठतेनुसार बाळू यांना मिळायला हवा होता, अशी जाहीर कबुली दिली होती.

गोलंदाजी करणे आणि क्षेत्ररचना लावणे यांत त्या समाजाने मोठा फरक मानला होता. चेंडू टाकणे हे काम बाळू जाळीतही करत आले होते. कर्णधार झाले असते तर संघातील ब्राह्मण, प्रभू आणि गुजराती खेळाडूंनी कुठे उभे राहायचे, हे त्यांनी ठरवले असते. निवड समितीला ते मानवत नव्हते.

१९२० मध्ये हा वाद उघड्यावर आला. चौरंगीच्या पहिल्या सामन्यासाठी बाळू यांना वगळले गेले. पै आजारी असल्याने कर्णधारपदाचा प्रश्न होता. धाकटे भाऊ विठ्ठल तेव्हा संघातले भरवशाचे फलंदाज होते, पण निवड डी. बी. देवधर यांची झाली. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून संघातून माघार घेतली. आपल्याला जातीमुळे डावलले जाते, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. महात्मा गांधींनी अस्पृश्यतेविरुद्ध बोलायला सुरुवात केल्याचा हा काळ होता आणि लोकमत भावांच्या बाजूने झुकले.

अंतिम सामन्यासाठी तोडगा निघाला. पै कर्णधार म्हणून परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि दोन्ही भाऊ संघात आले. सामना सुरू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळू यांनी संघ चालवला. चौरंगीतले बाळू यांचे कर्णधारपद एवढेच. पुढच्या वर्षी त्यांची प्रथम श्रेणी कारकीर्द संपली.

पूर्ण मान विठ्ठल यांना मिळाला, तोही आणखी दोन मोसम डावलल्यानंतर. १९२३ मध्ये ते हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले. प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन मिरवले. १९२५ आणि १९२६ मध्येही त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघ जिंकला. विठ्ठल यांनी पुढे १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले.

आंबेडकर आणि बाळू यांच्या वाटा कुठे वेगळ्या झाल्या?

बाळू यांना जे मिळाले ते हिंदू संघात राहून, झगडून आणि वाट पाहून मिळाले. चहाचे भांडे, जेवणाचे मेज, उपकर्णधारपद, भावाचे कर्णधारपद. तीस वर्षांत हळूहळू दारे उघडली. त्यामुळे हिंदू समाजात राहूनच बदल घडेल, असे त्यांना वाटत होते. आंबेडकरांच्या मते एका गुणी खेळाडूसाठी उघडलेले दार लाखो लोकांच्या उपयोगाचे नव्हते. त्यांना कायद्याने मिळणारे, कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसलेले राजकीय हक्क हवे होते.

१९३२ मध्ये हे मतभेद समोर आले. ब्रिटिश सरकारने ऑगस्टमध्ये जाहीर केलेल्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते. आंबेडकरांची मागणी स्वतंत्र मतदारसंघांची होती. बाळू मद्रासचे नेते एम. सी. राजा यांच्यासोबत संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने होते. स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात २० सप्टेंबरला उपोषण सुरू केले. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. मतदारसंघ संयुक्त राहिले आणि राखीव जागा १४८ झाल्या. करारावर आंबेडकरांची सही आहे, तशी बाळू यांचीही आहे.

त्यानंतर बाळू हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेची निवडणूक लढले आणि हरले. १९३५ मध्ये आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. बाळू यांना ती मान्य नव्हती.

१९३७ : भायखळा-परळचा निकाल काय लागला?

१९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. नावाप्रमाणेच या पक्षाचा भर कामगारांवर होता आणि भायखळा ते परळ हा गिरण्यांचा आणि चाळींचा पट्टा. आंबेडकरांना इथे अडवायचे असेल तर त्याच समाजातला, पण घराघरांत माहीत असलेला उमेदवार हवा, असा काँग्रेसचा हिशोब होता. क्रिकेटमुळे बाळू यांचे नाव सगळ्यांना ठाऊक होते.

मतदानाचा हक्क तेव्हा सर्वांना नव्हता, मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटी होत्या. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली आणि बाळू यांना ११,२२५. फरक २,०२० मतांचा. म्हणजे लढत एकतर्फी झाली नव्हती.

सत्काराचे मानपत्र लिहिणाऱ्याने पंचवीसेक वर्षांनी सत्कारमूर्तीला हरवले होते. आमदार झाल्यावर आंबेडकरांनी त्याच वर्षी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध मुंबईतील गिरणी कामगारांचा एक दिवसाचा संप झाला, त्याचेही ते एक प्रमुख नेते होते. बाळू यांनी मात्र पुन्हा मोठी निवडणूक लढवली नाही.

स्पर्धा का बंद पडली?

१९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले आणि स्पर्धा पंचरंगी झाली. गर्दी वाढली, विक्रम झाले. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात ‘इतर’ संघाकडून विजय हजारे यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ धावा केल्या. पण धर्मांच्या नावाने संघ उतरवावेत का, हा प्रश्न तीव्र होत गेला. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी अशा स्पर्धेला विरोध दर्शवला. प्रांतांच्या संघांमध्ये खेळली जाणारी रणजी स्पर्धा १९३४-३५ पासून सुरू झालेली होती, त्यामुळे पर्यायही उपलब्ध होता. १९४५-४६ च्या मोसमानंतर पंचरंगी सामने झाले नाहीत.

या स्पर्धेवर टीका होते ती धर्मावर आधारलेल्या संघांसाठी, आणि ती योग्यच आहे. बाळू यांच्या कारकिर्दीतून तिची आणखी एक बाजू दिसते. ‘हिंदू’ नावाने एकत्र उतरणाऱ्या संघात कोणाला बरोबरीचा मानायचे, याचे उत्तर त्या नावातच मिळायला हवे होते. ते पुण्याच्या चहापानात मिळाले नाही. मुंबईच्या जेवणाच्या मेजावर थोडे मिळाले आणि कर्णधाराच्या निवडीत पुन्हा अडले.

भारताने पहिली कसोटी १९३२ मध्ये खेळली, तेव्हा बाळू निवृत्त होऊन दशक उलटले होते. त्यामुळे कसोटीच्या नोंदवहीत त्यांचे नाव सापडत नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तोपर्यंत संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता रद्द होऊन पाच वर्षे झाली होती. मसुदा समितीचे अध्यक्ष होते भायखळा-परळमधून १९३७ साली निवडून आलेले डॉ. आंबेडकर.